काकांचं पुएर्तो

काका ‘आमच्या गावात’ म्हणाले की नवख्या माणसाची फसगत ठरलेली. माझीही झाली. श्रीरामपूरच्या ज्युनियर कॉलेजात मला गणिताची नोकरी लागली होती आणि तिथून एसटीनं अर्ध्या तासावरच्या या गावात मी खोली बघायला आले होते. घरमालक काका पायरीवर बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “इकडे पाण्याचं कसं आहे?”

“आमच्या गावात पान्याला तोटा न्हाई,” काका म्हणाले. “उलट पानी कमी व्हावं म्हणून लोक नवस करत्यात.”

मी खूश होऊन खोली घेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ उघडला तर नुसती फुसफुस. खाली जाऊन काकूंना विचारलं, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं पोरी, ते ह्या गावाचं न्हाई बोलले. त्यांचं गाव तिकडं हाय, अमेरिकेच्या खाली.”

अमेरिकेच्या खाली म्हणजे दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वे नावाच्या देशात, त्याच नावाच्या नदीच्या काठी. काका तरुणपणी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. बंद भांड्यात पाक उकळत असताना साखर नेमकी कधी दाणा धरते ते काचेच्या पट्टीवर बघून सांगायचं, हे पॅनमनचं काम. कारखान्यातले एक साहेब तिकडच्या एका लहानशा साखर कारखान्यावर गेले, त्यांना हाताखाली ओळखीचा माणूस हवा होता, म्हणून काकांना घेऊन गेले. काका तीन वर्षं राहिले आणि परत आले. काकू म्हणायच्या, “तीन वर्षं ऱ्हायले आन् जल्मभर सांगत बसले.”

त्या गावाला कुठल्याशा संताचं लांबलचक नाव होतं. ते काकांनाही धड आठवत नसे. लोक नुसतं ‘पुएर्तो’ म्हणायचे, म्हणजे होड्या लागायचा धक्का. तिथल्या माणसांची नावं मात्र काकांना पक्की पाठ होती, फक्त त्यांनी ती आपल्या वळणावर आणली होती. ज्या बाईच्या घरी ते जेवायला होते ती रमोना, तिची झाली रमोनाबाई. होडीवाला अनास्तासियो, त्याचा अनास्ताजी. गोष्ट रंगात आली की हा अनास्ताजी पॅराग्वेचा की राहुरीचा, याचा मलासुद्धा विसर पडायचा.

गावातले निम्मे लोक म्हणायचे, म्हातारा फेकतो. उरलेले म्हणायचे, गेला असेल, पण इतकं काही नसेल. मी गणितवाली. शंका घेणं हा माझा पोटाचा धंदा. पण काका तिकडे गेले होते याबद्दल मला कधी शंका आली नाही, आणि त्याचं कारण होतं त्यांचा पेला.

उन्हाळ्यात संध्याकाळी काका गार पाण्यात गवती चहा आणि पुदिना ठेचून टाकत. पेला एकच. त्यात कारखान्याच्या फिटरकडून करून घेतलेली तांब्याची नळी. पहिला घोट काका घेणार, मग तोच पेला, तीच नळी पाहुण्याच्या हातात. आमच्याकडे उष्ट्याचा केवढा बाऊ! कुणाचा उपास निघायचा, कुणाचा घसा बसायचा. मी पण पहिले काही दिवस घसा बसवून घेतला. मग एकदा उकाड्यानं जीव नकोसा झाला तेव्हा प्यायले, आणि इतकं बरं वाटलं की आपसूक म्हणाले, “थँक्यू काका.”

काकांनी पेला घेतला आणि शेजारी पालथा घातला. मी वाट बघत बसले. आतून काकूंचं हसणं ऐकू आलं.

“आभार मानलेस ना? आता न्हाई मिळायचं,” त्या म्हणाल्या.

काकांनी समजावलं, “तिकडं पेला परत देताना आभार मानले म्हंजी पुरे झालं, उठतो आता. ज्याला आनखी पायजे त्यानं गप पेला फुडं करायचा.”

म्हणून काकांनी कधी कुणाचे आभार मानले नाहीत. डॉक्टरांचे नाही, दूधवाल्याचे नाही. एकदा शाळेनं त्यांना बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून बोलावलं. सगळं छान झालं आणि सूत्रसंचालकांनी आभारप्रदर्शन पुकारलं, तसे काका खुर्चीतून उठून चालू लागले. मुख्याध्यापक मागे धावले, काय चुकलं म्हणून. काका म्हणाले, “तुमीच तर जा म्हनला.”

पुएर्तोचा इतिहास काका सलग कधीच सांगत नसत. समोरच्या रस्त्यावरून ट्रक गेला की तेवढ्यावरून एक तुकडा सुटायचा. त्यांची खुर्ची कायम रस्त्याकडे तोंड करून असे, कारण त्यांच्या लेखी तो रस्ता नव्हता, नदी होती. “चालली बघा कांद्याची आगबोट,” ते म्हणायचे, आणि आगबोटीवरून मूळ गोष्टीवर यायचे. तिथं आधी काहीच नव्हतं. नदीतून जाणाऱ्या आगबोटी सरपण घ्यायला जिथं थांबत, तिथं एका बाईनं खलाशांना कंदाच्या पिठाच्या भाकरी करून विकायला सुरुवात केली. तिच्या चुलीभोवती गाव झालं. “गावाचा मूळपुरुष बाई हुती,” काका म्हणायचे आणि काकूंकडे बघायचे. काकू निवडणातून मान वर करत नसत.

मग लढाई आली. त्या देशातले बापे बहुतेक त्या लढाईत संपले, बायांनी पोरांना धरून गाव पुन्हा उभं केलं. मग कुणाला तरी कळलं की तिथल्या लाल, लोखंडासारख्या झाडांच्या रसानं कातडी कमावता येतात, की लागले सगळे कुऱ्हाडी घेऊन. झाडं संपली तेव्हा ऊस लावला, कारखाना काढला. काका गेले तेव्हा तोही शेवटच्या घटका मोजत होता. पलीकडून डांबरी रस्ता झाला होता आणि आगबोटी बंद पडायला आल्या होत्या. “धंदा बदलतो, मालक बदलतो, नदीला काय त्याचं,” काका म्हणत. वर्षातून एकदा मेरीमातेची मूर्ती होडीत बसवून नदीतून मिरवत, ते सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. “आपल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेवानीच. पर पान्यातनं. दिवे लावून.”

आता टेलरमास्तरांबद्दल सांगायला हवं. काकांचं घर रस्त्यापासून दुसऱ्या रांगेत. पुढच्या रांगेत, बरोबर काकांच्या तोंडासमोर, मास्तरांचं दुकान आणि दुकानामागे दोन खोल्यांत त्यांचा संसार. शेजारच्या बोळातून काकांना रस्ता दिसायचा. मास्तर ख्रिस्ती, कामाला चोख, बोलायला तिखट. त्यांचं आणि काकांचं बोलणं बंद होतं. काकांच्या मोरीचं पाणी मास्तरांच्या भिंतीशी मुरायचं, त्यावरून कधीकाळी भडकलेलं ते प्रकरण. म्हणजे अगदीच बोलत नसत असं नाही. माझ्यामार्फत बोलत. तिघंही एकाच अंगणात उभे असलो तरी मास्तर म्हणायचे, “मॅडम, सांगा त्यान्ला, आज पुन्हा पानी सोडलंय.” आणि काका म्हणायचे, “बाई, सांगा त्यान्ला, पानी हाय, खाली जानारच.” अंगावरचा शर्ट शिवायला काका एसटीनं श्रीरामपूरला जात. रागाला इतका खर्च करणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

आणि तरी पुएर्तोची गोष्ट चालू झाली की मास्तरांच्या मशीनचा आवाज थांबायचा. हे माझ्या लवकर लक्षात आलं होतं.

एके दिवशी काका नदी काठ कशी खाते ते सांगत होते. पुएर्तोचा काठ मातीचा. दर पावसाळ्यात नदी त्याचा लचका तोडते. वर्षा-दोन वर्षांनी पुढच्या रांगेतलं एखादं घर धपकन पाण्यात जातं.

“मग त्या घरातली माणसं?” मी विचारलं.

“मागं जात्यात. ज्याची मागं जागा मोकळी हाय त्यानं द्यायची. गेलेल्यानं मागायची न्हाई. आपली खाट उचलून मागच्याच्या आवारात टाकायची, बास. मग जो दुसरा हुता तो पयला हुतो. फुडं त्याचं घर गेलं की त्यानं त्याच्या मागं जायाचं. पाटाच्या पान्याची पाळी असती ना, तसं. पाळीपाळीनं सगळे नदीवर.”

मी हिशेबी. म्हटलं, “काका, असं मागं मागं सरकत गाव शेवटी जाईल कुठं?”

“शेतात. मग शेत रानात. घाई कुनाला हाय?”

समोर मशीन बंदच होती. मग मास्तरांचा आवाज आला, “मॅडम, विचारा त्यान्ला, मागचा न्हाई म्हनला तर?”

काकांनी पेल्यातली नळी उगाच ढवळली. मग म्हणाले, “सांगा त्यान्ला, आमच्या गावात कोन न्हाई म्हनत न्हाई.”

रस्ता रुंद होणार असल्याची बोलवा कैक वर्षं होती, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं. मग मोजणीवाले आले आणि पुढच्या रांगेवर लाल फुल्या मारून गेले. मास्तरांचं दुकान, घर, सगळं फुलीच्या आत. जागा ग्रामपंचायतीची, वडिलांपासून राहत होते एवढाच काय तो आधार, कागद कसलाच नाही. म्हणून भरपाईही नाही. मास्तर या कचेरीतून त्या कचेरीत हिंडले. मास्तरीणबाईंनी भांडी पोत्यात भरून ठेवली, जायचं कुठं ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. गावातल्या बाकीच्यांना शेतात तरी घर बांधता येत होतं. मास्तरांना शेत नव्हतं.

त्याच आठवड्यात काकांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. काकांना ऐकू कमी येई म्हणून फोन मोठ्यानं लावलेला. “बाबा, पुढची रांग जाणार म्हणजे आपण रोड-टच झालो, थेट रस्त्यावर! मागचं आवार धरून गाळे काढू. कुणाला काही बोलू नका.”

काका ‘बरं’ म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला.

पाडायला जेसीबी आला त्या सकाळी मी कॉलेजला निघाले होते. मास्तरांचं सामान रस्त्याच्या कडेला पडलं होतं, आणि मास्तर आपल्या पायमशीनला हात लावून उभे होते. कुणी काढून घेईल अशी भीती वाटावी तसे. काका पायरी उतरून आले. आले आणि थेट त्या मशीनचं एक टोक धरलं.

मास्तर माझ्याकडे वळले. “मॅडम, सांगा त्यान्ला, मशीनला हात लावू नका.”

“बाई, सांगा त्यान्ला, दुसरं टोक धरा.”

“मॅडम, म्हनावं, मला कुनाची भीक नको.”

काकांनी मशीन खाली ठेवली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ मास्तरांच्या तोंडाकडे बघून बोलले. “भीक न्हाई मास्तर. पाळी हाय. आज तुमचं गेलं, उद्या माजं जाईल. तवा तुमच्या मागं मला जागा द्यायची. मंजूर असंल तर उचला.”

मला वाटलं, मास्तर आता काहीतरी तिखट बोलतील. ते खाली वाकले आणि त्यांनी दुसरं टोक उचललं. दोघं म्हातारे धापा टाकत मशीन घेऊन घराला वळसा घालून मागच्या आवारात गेले, मी त्यांच्यामागे मास्तरांची इस्त्री घेऊन. त्या दिवशी माझे पहिले दोन तास बुडाले. मला त्याचं आजही बरं वाटतं.

मशीन शेवग्याखाली ठेवल्यावर मास्तरांनी हात जोडले. “काका, तुमचे आभार…”

“गप!” काका ओरडले. “आभार मानू नका. पेला बंद हुतो.”

पुढं जे व्हायचं ते झालं. मुलगा पुण्याहून आला, खूप बोलला. बाबांना समज नाही, कुठल्या तरी गावाच्या गप्पांवरून हातची जागा लोकांना वाटतात, असं बोलला. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले असते. शेवटी काकूच म्हणाल्या, “जागा माज्या सासऱ्यानं घेतली, तुज्या न्हाई. मी हो म्हनलेय.” काकांनी मागच्या आवाराचा मास्तरांच्या नावानं रीतसर कागद केला. मुलगा दोन वर्षं आला नाही. मग काकू गेल्या, तेव्हा आला, आणि रडताना बापाच्या गळ्यात पडला, पण जागेचा विषय दोघांनीही काढला नाही.

मला काकूंची सवय लागली होती. एकदा मी त्यांना धीर करून विचारलं होतं, रमोनाबाईचं नाव ऐकून तुम्हाला कधी काही वाटलं नाही का. त्या म्हणाल्या होत्या, “मला काय वाटायचं? लपवायचं असतं तर इतकं बोलले असते व्हय?” मग म्हणाल्या, “पर काहीतरी हाय. माणूस इतकं गोड सांगतो म्हंजी कुठंतरी कडू लागलंय.” मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

लग्न झाल्यावर मी श्रीरामपुरात फ्लॅटमध्ये राहायला गेले. अधूनमधून काकांकडे जात असे. त्यांचं घर आता पहिल्या रांगेत, अगदी रस्त्यावर. धूळ, हॉर्न, उसाचे ट्रॅक्टर. काकांना आता फारसं ऐकू येत नव्हतं हे एका अर्थी बरंच होतं. मास्तर मागच्या आवारात दोन पत्र्याच्या खोल्या बांधून राहिले होते. सकाळ-संध्याकाळ काकांचं ताट मागून यायचं, आणि काकांच्या अंगावर मास्तरांनी शिवलेला शर्ट असायचा. एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खटकायची. मास्तरांच्या खोल्या अगदी काकांच्या भिंतीला खेटून, दाटीवाटीनं बांधलेल्या, आणि त्यांच्यामागे एक चांगला ऐसपैस तुकडा रिकामा. मास्तरीणबाई त्यावरून कुरकुरायच्या, मोरीला जागा नाही, पाहुणे आले तर झोपायला जागा नाही. मास्तर तिथं साधी दोरीसुद्धा बांधू देत नसत. मला वाटलं, म्हातारपणी माणूस विचित्र होतो.

मग मागच्या वर्षी रस्ता चौपदरी व्हायचं ठरलं आणि काकांच्या घरावर फुली पडली. यावेळी कागद होते, भरपाई मिळाली, मुलगा येऊन सगळं बघून गेला. काकांना पुण्याला न्यायचं ठरलं. मला त्याचा फोन आला, “तुम्ही असाल त्या दिवशी, तर बाबांना बरं वाटेल.” म्हणून मी गेले.

काकांची बॅग भरलेली होती. मुलानं गाडी दाराशी आणली होती. काका खुर्चीत बसून होते आणि त्यांना काय विचारलं तरी ‘बरं’ म्हणत होते. तेवढ्यात मागून मास्तर आले, सरळ आत गेले आणि काकांची गादी गुंडाळून खांद्यावर टाकून बाहेर आले.

मुलगा म्हणाला, “मास्तर, ती गाडीत नका टाकू, तिकडे पलंग आहे.”

“गाडीत न्हाई टाकत,” मास्तर म्हणाले. “मागं नेतोय. काका, उठा. आता तुमची पाळी.”

आम्ही सगळे मागे गेलो. मास्तरांच्या खोल्यांमागच्या त्या रिकाम्या तुकड्यावर शेणानं सारवलं होतं, आणि तिथं एक नवी खोली उभी होती. पत्रा नवा, दाराला अजून रंगाचा वास. मास्तर मुलाला म्हणाले, “ही जागा मी राखलेली हुती. वापरली न्हाई, भाड्यानं दिली न्हाई. त्यान्ला पुन्याला न्यायचं आसंल तर न्या, तुमचे वडील हायेत. पर त्यांची जागा हितं हाय, येवढं ध्यानात ऱ्हाऊ द्या.”

मुलानं दाराच्या नव्या रंगाला बोट लावून बघितलं. मग त्यानं जाऊन गाडीतली बॅग आणली. खोलीत ठेवली. “मी दर महिन्याला येईन बाबा,” म्हणाला, आणि मास्तरांना काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मास्तर घाईनं म्हणाले, “आभार मानू नका बरं का.”

संध्याकाळी मुलगा गेला, मास्तर भाकरी सांगायला आत गेले, आणि काका आणि मी त्या नव्या खोलीपुढे बसलो. इथून रस्ता दिसत नव्हता. काका बोलतील, पुएर्तोतलं काहीतरी निघेल, असं मला वाटत होतं. आजच्या इतका मोका त्यांना कधी मिळणार? शेवटी मीच म्हटलं, “झालं ना काका, अगदी तुमच्या गावासारखं?”

काकांनी मान हलवली, नाही अशी.

“बाई, तिथं असं काय नव्हतं.”

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

“नव्हतं,” ते म्हणाले. “घर पान्यात गेलं की माणसं उठून जायाची. कोन कुनाला जागा देत न्हवतं. रमोनाबाईचं घर गेलं त्या साली माजी खोली मागच्या रांगेत हुती. कंपनीची. मागं सगळं मोकळं. ती आली, पोरांना घिऊन. तीन वर्षं तिच्या हातचं खाल्लं हुतं मी. म्हनलो, जागा माजी न्हाई, कंपनीची हाय, मला अधिकार न्हाई. तिनं काय म्हनलं न्हाई. नुसतं ‘ग्रासियास’ म्हनली, म्हंजी आभार. दुसऱ्या दिवशी अनास्ताजीनं त्यांना होडीत घातलं. कुठं उतरवलं, मी विचारलं न्हाई.”

आतून मास्तरांचा आवाज येत होता, काकांना मऊ भाकरी लागते, नीट भाजा म्हणून बायकोला सांगत होते.

“मास्तरांना हे माहीत आहे?” मी विचारलं.

“न्हाई,” काका म्हणाले. “त्यानं खरं मानलं, म्हणून तर मी हितं बसलोय.”